पिवळ्या गोळ्यांचा ई-मेल

मित्रांनो, मी एक जुना ई-मेल आहे आणि पहिल्या अक्षरापासून खोटा आहे. हे आधीच सांगून टाकतो. कारण गेल्या सहा वर्षांत मला तसे विचारण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

माझा जन्म एका कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत झाला. एका रिकामटेकड्या कारकुनाने गंमत म्हणून लिहिले, 'रक्तदाबाच्या पिवळ्या गोळ्यांत विष सापडले आहे. आजच बंद करा. सर्वांना कळवा.' गोळ्या कोणाच्या, तपासल्या कोणी, केव्हा, यांतले काहीही त्याने लिहिले नाही. तारीखच नसल्यामुळे माझा 'आज' कधी शिळा झाला नाही.

पुढे एका रुग्णालयातील तंत्रज्ञ बाईंनी मला न वाचताच आपल्या मावशीकडे ढकलले. त्यांच्या प्रत्येक पत्राखाली नाव, हुद्दा आणि रुग्णालयाचा फोन नंबर आपोआप उमटत असे. तो माझ्याही पायाशी उमटला. त्या दिवसापासून लोक मला मान देऊ लागले. शेपटी पाहून घोड्याची जात ठरवणाऱ्या या शहाण्यांचा मला तेव्हापासूनच तिटकारा आहे.

असाच मी एका वृद्ध घड्याळजींकडे पोहोचलो. त्यांच्या बहिणीने मला त्यांच्यासह अकरा जणांना पाठवले होते. दुरुस्तीला आलेले घड्याळ बरोबर चालत असले, तरी मागचे झाकण उघडून, डोळ्याला भिंग लावून पाहिल्याखेरीज परत न देणारा हा माणूस! मला मात्र त्यांनी वरवर वाचले आणि आपल्या रक्तदाबाच्या पिवळ्या गोळ्यांची डबी कचऱ्यात टाकली. पाचव्या दिवशी ते दुकानातच कोसळले.

ते रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर त्यांच्या मुलीने विचारले, "बाबा, गोळ्या कुणाला विचारून सोडल्या?"

"आत्याचा ई-मेल आला होता. खाली रुग्णालयाचं नाव होतं गं."

"लोकांची घड्याळं उघडून बघता, आणि हे तसंच गिळलंत?"

घड्याळजींनी उशाजवळचा मोबाइल तिच्यापुढे सरकवला.

मुलीने माझ्या पायाशी असलेला नंबर फिरवला. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "अहो, मी तो फक्त मावशीला पाठवला होता." डॉक्टरांनी सांगितले, गोळ्यांत काहीही दोष नाही. सारी चौकशी दहा मिनिटांत आटोपली. मग मुलीने आत्याला फोन लावला.

"मला काय ठाऊक? काळजीपोटीच पाठवला मी," आत्या म्हणाली.

"मग आता काळजीपोटीच उरलेल्या दहा जणांना फोन कर."

आत्याने केले. आठव्या फोनवर तिचा जुना शेजारी होता.

"खोटा होता होय? असेल, ताई. मी पुढे पाठवला तेव्हा तर खराच होता."

"किती जणांना पाठवलात?"

"मोजतंय कोण?"

मित्रांनो, मला स्वतःला एक पाऊलही टाकता येत नाही. दर वेळी कोणीतरी भला माणूस मला उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो, आणि परोपकार केल्याच्या समाधानात जेवायला बसतो. त्या दहांत आणखी कोणी गोळ्या टाकल्या, हे विचारायचे आत्याला सुचलेच नाही. शेजाऱ्याच्या माणसांचा तर पत्ताच नाही.

उद्या मी तुमच्याकडे येईन. तेव्हा माझी तारीख शोधा, एक फोन करा. तेवढी दहा मिनिटे नसतील, तर मला तिथेच मरू द्या. माझी काळजी करू नका. ज्याला पाठवणार होतात, त्याची करा.