मी स्वतः पाहिले

तो सोमवार होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि सुतार एकटाच चहा पीत बसला होता. दारावरची बेल लागोपाठ तीनदा वाजली. इतकी घाई एकाच माणसाला असते हे मला ठाऊक होते. दार उघडताच शंकासूर चपला न काढताच आत आला.

“भावोजी, संध्याकाळचा पेपर गेला!”

“त्याला बंद होऊन पाच वर्षं झाली. तुम्हाला आज कळलं?” सुतार म्हणाला.

“छापायचा बंद झाला हो. जुने अंक वेबसाइटवर होते. काल तीही बंद केली. ताईंचे दोनशे चौदा संदर्भ गेले. कुठलाही उघडा, एकच उत्तर. पान सापडले नाही.”

सुताराने कप खाली ठेवला. त्याच्या बायकोला, म्हणजे बाईंना, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

मित्रांनो, माझी ओळख सांगायची राहिलीच. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मला आठ खण आहेत. प्रत्येक खणाला पितळेची छोटी मूठ आहे. त्यातली सहाव्या खणाची मूठ हरवली आहे आणि तिथे एक बटण शिवणाच्या दोऱ्याने बांधले आहे. सुताराने मला कुणाच्या तरी कपाटातून उरलेल्या फळ्यांपासून बनवले. खिळे, स्क्रू आणि बिजागऱ्या ठेवण्यासाठी बनवले. सुताराला मी अरे-तुरे करते, कारण त्याने मला घडवले, आणि आईला कुणी अहो म्हणत नाही. बाईंना मात्र मी अहो-जाहो करते. त्यांच्यापुढे सगळेच जपून बोलत.

बाई छापखान्यात प्रुफे तपासत. हातात सतत लाल पेन. लग्न नवे असताना त्या माहेरी गेल्या होत्या, तेव्हा सुताराने त्यांना प्रेमाने पत्र लिहिले. चार दिवसांनी तेच पत्र परत आले. अकरा दुरुस्त्या केलेल्या होत्या, आणि खाली लिहिले होते, ‘मजकूर चांगला आहे. शनिवारी येते.’ सुतार हे पत्र सगळ्यांना दाखवत असे आणि पोट धरून हसत असे.

माझी पहिली बारा वर्षे खिळ्यांत गेली. रोज ठोकाठोक, रोज भुसा. मी तक्रार करत नाही. पण एके दिवशी बाई निवृत्त होऊन घरी आल्या आणि तिसऱ्याच दिवशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“अहो, ही पेटी मला हवी.”

“आणि माझे खिळे?”

“खिळे डब्यात राहतात. माझी कार्डं डब्यात मावत नाहीत.”

“कसली कार्डं?”

“बसा, सांगते.”

आणि त्यांनी सांगितले. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहावे, कुणीही दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करावे. अट एकच. जे लिहाल, ते कुठे वाचलेत ते खाली बारीक अक्षरात सांगायचे. त्याला संदर्भ म्हणतात. सुतार म्हणाला, “म्हणजे सगळ्या जगाची प्रुफं तपासायला मिळणार तुला.” बाई म्हणाल्या, “तेच तर.”

त्याच दुपारी माझे खण साबणाने धुतले गेले. गंजाचे डाग राहिले, पण वास गेला. मग छापखान्यातून जाड कागदाच्या उरलेल्या पट्ट्या आल्या. पत्रिका कापून उरलेला तो कागद होता. बाईंनी त्याची पोस्टकार्डाएवढी कार्डे कापली. खणांवर चिठ्ठ्या डकवल्या. पूल. पाणी. आगी आणि पूर. शाळा. बाजार. माणसे. राहिलेल्या दोन खणांवर लिहिले, ‘इतर’ आणि ‘शंका’.

सुरुवातीला बाई कार्डावर लागेल तेवढेच एक वाक्य उतरवून घेत. एकदा त्यांनी लिहिले की जुना पूल एका वर्षात बांधून झाला. संदर्भ दिला. दुसऱ्या दिवशी त्या वाक्यामागे कुणीतरी शेरा मारला होता. ‘पुढचे वाक्य वाचलेत का? पुढचे वाक्य आहे, असे ठेकेदाराचे म्हणणे होते. प्रत्यक्षात चार वर्षे लागली.’

बाईंचे कान लाल झाले. तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

हा शेरा मारणारा म्हणजे शंकासूर. हे नाव बाईंनीच ठेवले. तो वजनमापे तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, आता लोकांची वाक्ये तपासतो. बाईंनी त्याला चांगले चार पानी उत्तर लिहिले. त्याने त्या उत्तरातल्याही दोन विधानांना संदर्भ मागितला. महिनाभर भांडण चालले. मग एक दिवस तो पत्ता शोधत घरी आला आणि म्हणाला, “ताई, भांडण समोरासमोर करू. टंकलेखनाने माझी बोटं दुखतात.” तेव्हापासून तो या घरचा झाला.

त्या चुकीनंतर बाईंनी नियम केला. हवे ते वाक्य, त्याच्या आधीचे एक आणि नंतरचे एक. जसेच्या तसे. मूळ लेखात चूक असली तरी ती चूकही तशीच. वर पेपरचे नाव, तारीख, पान, रकाना. मागच्या बाजूला तो अंक कुठल्या वाचनालयात, कुठल्या कपाटात बांधून ठेवला आहे ते. आणि सगळ्यात खाली तीन शब्द, ‘मी स्वतः पाहिले’, आणि सही.

सुतार विचारायचा, “अगं, पेपर वेबसाइटवर आहे ना? मग हाताने कशाला उतरवतेस?”

“आज आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे आज आहे.”

मित्रांनो, ती नऊ वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. माझे खण दिवसातून पन्नास वेळा उघडत. बाई स्वयंपाक करता करता ओल्या हाताने खण ओढत आणि मग स्वतःवरच चिडत. लांबलांबचे लोक त्यांना निरोप पाठवत, ‘अमुक गोष्टीचा पुरावा आहे का?’ बाई खण उघडत, कार्ड काढत आणि मान वर करून सुताराकडे बघत. सुतार म्हणे, “कळलं, कळलं. तुझे खण, माझे खिळे.”

मग बाई आजारी पडल्या, आणि गेल्या. सुताराने माझ्यावर एक टॉवेल पसरला. त्यावर इस्त्रीचे कपडे आले, त्यावर औषधांची पिशवी आली, त्यावर आणखी कपडे आले. चार महिने कुणी एकही खण उघडला नाही. दमट हवेने माझे लाकूड फुगले. मी समजून घेतले. तो रोज माझ्या समोरून जाताना दुसरीकडे बघत असे.

आता त्या सोमवाराकडे येते.

शंकासुराने लॅपटॉप उघडला. बाईंच्या लेखांपैकी सगळ्यात लाडका लेख बंबवालीचा. आगीचा बंब चालवणारी या गावातली ती पहिली बाई. कापसाच्या गोदामाला आग लागली तेव्हा पहिला बंब घेऊन तीच पोहोचली आणि अकरा कामगार वाचले, असे बाईंनी लिहिले होते. त्या लेखाच्या डोक्यावर आता एक सूचना लटकत होती. या विधानांचा पुरावा पडताळता येत नाही, दहा दिवसांत न मिळाल्यास ती काढून टाकली जातील. सूचना लावणाऱ्याने पुढे लिहिले होते, ‘पहिला बंब माझे आजोबा चालवत होते. बाई वगैरे कुणी नव्हती. लेखिकेने मनाने लिहिले आहे.’

“मनाने?” सुतार उठून उभा राहिला. “तिने? मनाने?”

त्याने कपडे, पिशवी, टॉवेल सगळे एका हाताने पलंगावर फेकले. तिसरा खण ओढला. खण हलेना. त्याने पटाशी आणली, कडा तासली, मेणबत्ती घासली. सुताराचा हात चार महिन्यांनी लाकडाला लागला. खण सुटला तेव्हा मला इतके बरे वाटले की काय सांगू.

कार्ड सापडले. सुताराने ते मोठ्याने वाचले.

“‘गोदामाच्या पुढच्या फाटकात पहिला बंब अडकला व मागेही येईना. दुसरा बंब चालवणाऱ्या बाईने तो मागच्या बोळातून उलटा आत घातला. आतील अकरा कामगारांस शिडीने उतरविण्यात आले.’”

त्याने पुन्हा वाचले. मग लॅपटॉपकडे पाहिले.

“दुसरा,” तो म्हणाला.

“दुसरा,” शंकासूर म्हणाला.

“तिने पहिला लिहिलंय.”

शंकासूर हळूच म्हणाला, “चूक माझीही आहे भावोजी. ताईंचं वाक्य म्हणून मी तपासलं नाही. सगळ्या गावाचं तपासलं, तेवढं एक सोडलं.”

सुतार कार्ड हातात घेऊन बसून राहिला. मला त्याच्या मनातले कळत होते. त्याला बायको खरी ठरलेली पाहायची होती. हे कार्ड दाखवले तर ती निम्मी खरी आणि निम्मी चुकलेली ठरणार होती. नाही दाखवले तर बंबवालीच पुसली जाणार होती. आणि दाखवताना नुसते मधले वाक्य दाखवले, त्यातला ‘दुसरा’ शब्द जरा खालच्या आवाजात वाचला, तर कुणाला कळणार होते?

“कार्ड तुमचं आहे,” शंकासूर म्हणाला. “तुम्ही म्हणाल तसं.”

सुताराने कार्ड उलटे केले, सुलटे केले. खालच्या सहीवर अंगठा ठेवला. आणि मग, मित्रांनो, तो हसायला लागला. आधी नाकातून, मग तोंडाने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“एक्केचाळीस वर्षं! एक्केचाळीस वर्षांत मला हिची एक चूक सापडली नाही हो. आज सापडली. तीसुद्धा हिनेच दाखवली!”

शंकासूरही हसायला लागला. दोघे म्हातारे माझ्यासमोर जमिनीवर बसून हसत होते. सुताराने टेबलावरचे लाल पेन उचलले, झाकण काढले, आणि पुन्हा लावून ठेवून दिले. कार्डावर खाडाखोड चालत नाही.

“पण एवढ्याने भागणार नाही,” शंकासूर डोळे पुसत म्हणाला. “कार्ड हा पुराव्याचा पत्ता आहे. पुरावा वाचनालयात आहे. असला तर.”

“मग चला.”

“आत्ता?”

“नाही, मुहूर्त काढून. उठा!”

माझा तिसरा खण पिशवीत घालून ते निघाले, म्हणून पुढचेही मला सांगता येते. वाचनालयाची मागची खोली अरुंद होती आणि खिडकीला जाळी होती. ग्रंथपालबाईंनी कार्डाची मागची बाजू वाचली, शिडी लावली आणि एकही प्रश्न न विचारता बांधलेला खंड काढून दिला. म्हणाल्या, “ताईंनी लिहिलेला पत्ता म्हणजे डोळे मिटून जावं.” शंकासूर म्हणाला, “डोळे मिटून गेल्यामुळेच ही वेळ आली.”

सुताराने घडीची फूटपट्टी काढली. तो ती पेपरच्या ओळीखाली धरी आणि शंकासूर कार्डावरचा शब्द वाची. एकेक शब्द. ‘फाटकात.’ आहे. ‘उलटा.’ आहे. ‘उतरविण्यात.’ आहे, तसाच. एका कान्याचाही फरक निघाला नाही. त्याच रकान्यात वर पहिल्या बंबाच्या चालकाचे नावही होते. ते सूचना लावणाऱ्याचे आजोबाच होते. म्हणजे नातूही खरा होता. निम्मा.

घरी येऊन शंकासुराने सुताराला दाखवले. संदर्भ भरताना एक चौकट असते, ‘अवतरण’ नावाची. मूळ लेखातल्या दोन-तीन ओळी तिथे ठेवता येतात. अख्खा लेख उचलायचा नाही, तेवढ्याच ओळी. मग वेबसाइट राहो न राहो, शब्द राहतात, आणि कुठे जाऊन तपासायचे तेही राहते. बाईंनी ती चौकट कायम रिकामी सोडली होती. टाइप करायला वेळ लागतो, पुढे कधीतरी भरू, असे त्या म्हणत.

सुताराने एका बोटाने तीन वाक्ये टाइप केली. तासभर लागला. वरचे वाक्य दुरुस्त केले. पहिला बंब अडकला, दुसरा तिने उलटा आत घातला. शंकासूर म्हणाला, “खरं सांगू? आधीपेक्षा हे भारी आहे. पहिली पोचली यात काय विशेष? बोळातून बंब उलटा घालणं म्हणजे काय खाऊ आहे?”

सातव्या दिवशी सूचना निघाली. नातवाने स्वतःच काढली. खाली लिहिले, ‘आजोबा फाटकाची गोष्ट कधी बोलले नव्हते. पेपर पाहून आलो. आभार.’

आता सुतार रोज सकाळी चहा झाला की माझा खण ओढतो. कार्डाला हात लावण्याआधी हात पुसतो. वाचनालयात ताडून त्या चौकटीत भरलेली दिवसाला दहा कार्डे होतात, शंकासूर वाद घालायला लागला तर सहा.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. तुम्ही कुठे वाचून काही लिहिलेत, तर नुसते ‘अमुक ठिकाणी वाचले’ म्हणून थांबू नका. ते शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवा. मागचे एक वाक्य घ्या, पुढचेही घ्या, विशेषतः पुढचे वाक्य तुम्हाला आवडत नसेल तर नक्की घ्या. आणि तुमच्या घरात अशी एखादी पेटी, वही, डबा असेल, तर त्यावर कपडे ठेवण्याआधी आत काय आहे ते एकदा बघा.

तीन खण पूर्ण झाले आहेत. पाच व्हायचे आहेत. त्यांत नऊशे सव्वीस कार्डे आहेत. त्यांपैकी एकशे चाळीस कार्डांवर ज्या दोन वर्षांचे अंक लिहिले आहेत, ते खंड वाचनालयाच्या कपाटात नाहीत. ते कुणी नेले आणि कुठे आहेत, हे अजून शोधायचे आहे.