पिवळी तार कोणी काढली?

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पुतळा म्हटल्यावर तुम्ही घोडा आणि तलवार शोधायला लागाल, म्हणून आधीच सांगतो, मला धडच नाही. मी मानेपर्यंतचा आहे आणि माझा उजवा गाल कापून उघडा ठेवला आहे. वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनेच्या खोलीत, काचेच्या कपाटात मी राहतो.

दुकानांसाठी पुतळे करणाऱ्या एका कारागिराने मला प्लास्टरमधून घडवलं. जन्मभर हसरे चेहरे केलेला माणूस तो, माझ्याही ओठांवर त्याने सवयीने हसू ठेवलं. मग तेव्हाचे विभागप्रमुख महिनाभर माझ्याजवळ बसले आणि मेंदूतून डोळ्यांकडे नि चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसा त्यांनी रंगीत तारांनी माझ्यात बसवल्या. डॉक्टर या नसांना आकड्यांनी ओळखतात. निळी तार तिसऱ्या नसेची. ती पापणी वर उचलते, डोळा फिरवते, उजेड वाढला की बाहुली लहान करते. हिरवी चौथीची, केसाएवढी बारीक. जिना उतरताना पायरी दिसावी म्हणून डोळा खाली वळवते. तांबडी सहावीची, ती डोळा कानाच्या दिशेला वळवते. गालावर माशी बसली की कळवणारी पाचवी पांढरी, आणि घास चावायला जबडा हलवणारीही तीच. राहिली पिवळी, म्हणजे सातवी. कानामागच्या हाडाखालून ती बाहेर येते आणि गालात शिरून हाताच्या पाच बोटांसारखी पसरते. कपाळाच्या आठ्या, हसू, फुंकर, शीळ, पापणी मिटणं, ही सारी तिची कामं. प्रमुख म्हणायचे, भगवंताने डोळा उघडायला एक चाकर ठेवला आणि मिटायला दुसरा. दोघांचं पटलं तरच नजर सुखरूप.

किती पिढ्या माझ्यासमोर शिकून गेल्या! परीक्षेच्या दिवसांत मुलं माझी तार न् तार बोटाने पाठ करत. नंतर भिंतीवर पडदा आला, त्यावर हलती चित्रं आली, आणि माझ्या कपाटापुढे खुर्च्यांची थप्पी लागली. पण एका माणसाने मला टाकलं नाही. ते म्हणजे खोलीचे शिपाई. त्यांना सगळे मामा म्हणत. बावीस वर्षं रोज सकाळी शीळ घालत ते माझी धूळ झटकायचे आणि तास सुरू झाला की मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, ऐकत उभे राहायचे.

आता खरं सांगायचं तर, काचेत राहणाऱ्याला संशयाची खोड लागते. दिसतं सगळं, पण ऐकू येतं अर्धंच. त्या महिन्यात खोलीतल्या तीन कात्र्या नाहीशा झाल्या. आताच्या प्रमुख बाईंनी खण तीनतीनदा मोजला. भांडारातले कारकून आवाज खाली आणून एवढंच म्हणाले, की किल्ली कोणाजवळ असते ते बघा. किल्ली मामांजवळ असायची. त्या दिवसापासून बाई मामांच्या हातांकडे बघू लागल्या. मीही बघू लागलो.

आणि एका मंगळवारी मला हवं ते दिसलं. मामा वेळेच्या आधी आले. दिवा लावला नाही. शीळ घातली नाही. माझं मन लगेच म्हणालं, मनात पाप असलं की शीळ कशी फुटेल? त्यांनी कपाट उघडलं, एक बोट स्वतःच्या उजव्या कानामागे ठेवलं, दुसरं माझ्या. मग ते पिवळ्या तारेवरून बोट सरकवत गेले. डाग देऊन जोडलेला सांधा जुना झाला होता, तो सुटला, आणि तारेच्या पाचही फांद्या त्यांच्या तळहातावर आल्या. मामांनी दाराकडे पाहिलं, फांद्या रुमालात बांधल्या आणि खिशात घातल्या. जाताना त्यांचा एक डोळा माझ्याकडे न लवता बघत होता आणि ओठ एका बाजूने हसत होता. म्हटलं, केवढा निगरगट्ट चोर हा!

तार गेल्याचं दुपारीच उघड झालं. पुढचे दोन दिवस मामा तोंड फिरवून वावरले. बाई चोरीबद्दल बोलल्या की त्यांचा ओठ डावीकडे ओढला जाई, जणू कुचेष्टेने. कारकुनांची तक्रार आणखी वेगळी. मामांनी भर व्हरांड्यात त्यांना डोळा मारला म्हणे, एकदा नाही, चांगला चारदा. "या वयात," कारकून म्हणाले, "आणि मला!" बाईंना हसू आलं नाही. मामांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. बाईंनी त्यांना कामावरून दूर करण्याची शिफारस लिहिली, सही केली, आणि गुरुवारी कागद हातात घेऊनच त्यांना माझ्या कपाटासमोर बोलावलं.

"मामा, तार कुठे आहे?"

मामा खाली बघत राहिले.

"हसताय कशाला? इतकी वर्षं घरचे समजले मी तुम्हाला. वर बघा. माझ्याकडे बघा."

बाई व्यासपीठावर होत्या. मामांनी मान न उचलता नुसती नजर वर केली. त्यांच्या कपाळाच्या डाव्या अर्ध्यावर आठ्या पडल्या. उजवा अर्धा माझ्या प्लास्टरसारखा सपाट राहिला.

बाईंचा कागद धरलेला हात खाली आला. त्या व्यासपीठावरून खाली उतरल्या. मग हळूच म्हणाल्या, "डोळे मिटा बघू."

डावा मिटला. उजव्याची पापणी अर्ध्यावर थांबली आणि आत पांढरं तेवढं दिसत राहिलं.

"गच्च मिटा, मामा."

"मिटतोयच की, बाई. हा एक ऐकत नाही."

मग मामांनी रुमाल सोडून पाच पिवळ्या फांद्या टेबलावर ठेवल्या आणि सारं सांगून टाकलं. सोमवारी कानामागे ठणका लागला. मंगळवारी चूळ भरताना पाणी शर्टावर सांडलं. पक्षाघात झाला असं त्यांच्या मनाने घेतलं. कचेरीला कळलं तर घरी बसवतील, म्हणून बायकोलाही दाढ सुजली असं सांगितलं. बावीस वर्षं ऐकलेला पिवळ्या तारेचा धडा त्यांना आठवत होता. आपलं दुखणं तिच्याच वाटेवर आहे का, हे त्यांना माझ्यावर बोट ठेवून पाहायचं होतं. तार हातात आली तेव्हा त्यांना दुसरी धास्ती बसली, की आता कात्र्यांचा आळही आपल्यावरच येणार.

"अहो, मला का नाही विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"तुम्ही कात्र्या मोजत होतात, बाई."

बाई विद्यार्थ्यांच्या बाकावर बसल्या. दरवर्षी सातवी नस शिकवणाऱ्या त्या. तीन दिवस ती त्यांच्यासमोर चालत होती आणि त्यांना दिसला तो चोर. मीही तसाच. ज्याच्या अंगातच ती तार, त्यालाही कळलं नाही. एकाच डोळ्याची पापणी लवते तेव्हा डोळा मारल्यासारखं दिसतं, एवढी साधी गोष्ट!

बाईंनी स्वतःच्या हाताने मामांची उजवी पापणी खाली ओढून चिकटपट्टी लावली आणि त्यांना घेऊन समोरच्या रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मेंदूत बिघाड नाही, नसच सुजली आहे. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर नीट लागू पडतं, आज तिसरा आहे.

मामांचा चेहरा तीन महिन्यांत बराचसा जागेवर आला. शीळही आली, थोडी फुसकी. पण न मिटता कोरड्या पडलेल्या त्या डोळ्यावर एक ओरखडा राहून गेला आहे, त्यातून त्यांना दिव्याभोवती धुकं दिसतं. कात्र्या अजून सापडलेल्या नाहीत. कारकून अजूनही आवाज खाली आणून बोलतात, फक्त आता बाई ऐकायला थांबत नाहीत.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. कोणी तुमच्याकडे वाकडं हसलं, कोणाची नजर रोखलेली वाटली, तर मनातला खटला जरा थांबवा आणि विचारा, बाबा रे, दुखतंय का? एक बाजू हलत नसेल तर कारण शोधत बसू नका, त्याच पावली डॉक्टरांकडे न्या. माझी धूळ राहिली तर राहू द्या. मी प्लास्टरचा, माझा डोळा वर्षानुवर्षं उघडा राहिला तरी सुकत नाही. माणसाचा सुकतो.