भिमाजीच्या मुठीतली डायरी

सूरजचं लग्न झालं ते साल नव्व्याण्णव. कळंबजवळच्या वाडीत, घरापुढच्या खळ्यावरच मांडव घातला होता आणि माईक नवरदेवाच्या बापाच्या, म्हणजे भिमाजीच्या हातात होता. दुसऱ्या कुणी तो धरला असता तर पाहुण्यांना जेवण गोड लागलं नसतं. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत बैलगाड्यांची शर्यत कुठंही असो, घाटाच्या, म्हणजे गाडे धावतात त्या चढाच्या, माथ्यावर बसून गाड्यांचा पुकारा करायचा तो भिमाजीनंच, असा रिवाज पडून गेला होता.

फेटे बांधून होत आले. भिमाजी एकेकाचं नाव, गाव, बापाचं नाव घेत होता आणि माणूस उठून पुढं येत होता. मग तो म्हणाला, "आन आता, पिंपरी पेंढारचे, आपले व्याही..."

आणि थांबला.

व्याही समोरच हात जोडून उभे होते. त्यांची मिशी ओळखीची, कानाच्या पाळीवरचा तीळ ओळखीचा, त्यांच्या विहिरीचं पाणी कसं लागतं तेही जिभेवर होतं. नाव मात्र सापडेना. पोहरा सोडावा, दोर संपावा आणि पाणी लागू नये, तसं झालं.

"व्याह्यांचं नाव काय घ्यायचं, राव?" भिमाजी हसत म्हणाला. "ज्यानं काळजाचा तुकडा दिला, त्याचं नाव माईकवर न्हाई, उरात ठेवायचं!"

मांडवात टाळ्या पडल्या. व्याह्यांचे डोळे भरून आले. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या साळुबाईनं मात्र पदर तोंडाला लावला. पंचवीस वर्षांचा संसार होता तिचा. नवरा कुठं अडखळला ते तिला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी मांडवाचे डहाळे उतरवताना ती हळूच म्हणाली, "गेणभाऊ."

"आं?"

"व्याह्याचं नाव. गेणभाऊ."

"गेणभाऊ," भिमाजीनं ते नाव तोंडात घोळवलं. "मला काय ठावं न्हाई व्हय?"

"कवापासनं व्हतंय आसं?"

तो डहाळ्यांची मोळी बांधत राहिला. गाठ मारून म्हणाला, "दिवाळीपासनं. डोक्यात धुरळा बसल्यावानी व्हतं. जरा वेळानं बसतो खाली."

"मग कागुद घेऊन बसा की घाटावर. कमिटी देतीच न्हवं यादी लिहून?"

"साळू, कागदावरनं नाव पोस्टमन वाचतो."

हे त्या भागातलं माणूसच समजू शकेल. शर्यतीत बक्षीस मिळतं एखाद्याला. बाकीचे गाडामालक वर्षभर बैलांना खुराक घालतात, ते यात्रेच्या दिवशी घाटावर आपलं नाव वाजावं म्हणून. मेलेल्या बापाचंही आपल्याबरोबर वाजावं म्हणून. आणि ते वाजवणाऱ्यानं न वाचता वाजवावं. वाचून घेतलेलं नाव कुणाचंही असतं. तोंडातून आलेलं नाव आपलं असतं. भिमाजीच्या तोंडात दोन तालुक्यांतले सगळे गाडे होते, आणि हाच त्याचा मान. धुरळ्याचं कुणाला कळलं असतं, तर लोक वाईट बोलले नसते, फक्त माईक हळूच दुसऱ्याच्या हातात गेला असता. भिमाजीला भीती होती ती तेवढीच.

सूरज भोसरीला कंपनीत होता. त्याच्या साहेबाजवळ एक डिजिटल डायरी होती. बटणं दाबली की माणसांची नावं काचेवर येतात, हे त्यानं जेवताना सहज सांगितलं. भिमाजीचा हात भाकरीवरच थांबला. पुढच्या आठवड्यात बापलेक मंचरला गेले.

दुकानदारानं काचेवर तीन डायऱ्या मांडल्या. एक मोठी, वहीसारखी उघडणारी. एक मधली, तिला घड्याळ, गजर आणि दुनियेतल्या शहरांची वेळ. एक अगदी लहान, तपकिरीच्या डबीएवढी.

"काका, मोठी घ्या. हजार नंबर बसतात ह्यात."

"नंबर नकोत. माणसं बसतात का?"

दुकानदार हसला. भिमाजी हसला नाही. त्यानं मोठी डायरी तळहातावर घेतली, खांद्यावरचं उपरणं त्यावर ओढलं आणि मूठ मिटली. डायरीचे कोपरे बाहेर आले. मधली थोडी बाहेर आली. लहान डायरी मुठीत अशी गेली की हात मोकळाच दिसावा. मग त्यानं बटण दाबलं. टिक असा आवाज आला.

"हा आवाज बंद करता येतो का?"

"येतो की. पण कशापायी?"

"माईकला ऐकू येतं सगळं," भिमाजी म्हणाला, आणि सूरज बापाकडं बघतच राहिला. त्या क्षणी त्याला कळलं की डायरी कशासाठी हवी आहे.

अडचण वेगळीच होती. डायरीवर अक्षरं इंग्रजी. भिमाजी मराठी अक्षरं शिकला तीच चाळिशीत, देवळातल्या प्रौढ वर्गात, आणि नाव लिहिता आलं त्या दिवशी पेढे वाटून आला होता. आता नवी सून, हर्षाली, त्याची मास्तरीण झाली. बाहेर आषाढाची झड लागलेली, गोठ्यातून धुराचा वास येई, आणि सासरा-सून उंबऱ्याशी बसून अक्षरं गिरवत.

"आबा, हे यस. सापावानी वळतंय बघा."

"आन हे?"

"हे येच. आपल्या दाराची चौकट, मधी आडना."

"तुझ्या बापाच्या घराची का माझ्या?"

"माझ्या बापाच्या दाराला आडना न्हाई, आबा. तुमच्याच."

साळुबाई चुलीपासून ओरडे, "सुनंपुढं काय पोरावानी बसताय? म्हशीला वैरण टाका!"

अक्षरं बसली. मग हर्षाली म्हणाली, "आता गाडामालकाचं नाव घाला, आबा. आडनावावरनं लागतील सगळी."

"मालकाचं नगं. बैलाचं घाल."

"बैलाचं? डायरीत?"

"पोरी, धुरळ्यात मला मालक दिसत न्हाई. माथ्यावरनं बैलाची शिंगं दिसत्यात, कपाळावरचा टिळा दिसतो. बैल दिसला का मालक आठवतो. त्याच वाटनं जाऊ दे."

तसंच केलं. हरण्या, पाखऱ्या, लक्ष्या, बादल. बैलाचं नाव दाबलं की खाली मालक, मालकाचा बाप, गाव. पाऊस संपेपर्यंत दोन तालुके त्या डबीत जाऊन बसले. संध्याकाळी भिमाजी ओट्यावर बसून बटण दाबत राही. काचेवर नावं एकामागून एक सरकत, ओढ्याच्या पाण्यावरून पानं जावीत तशी, आणि तो ओठ हलवत त्यांच्या मागं मागं जाई. कधी त्याला वाटे, आपण नावं वाचत नाही आहोत, बैलच चढावर येत आहेत, आवाज न करता, काळ्या-करड्या उजेडातून. बटण सोडलं तरी ते येतच राहत.

पुढचे दोन हंगाम भिमाजीनं असे गाजवले की जुनी माणसं म्हणाली, आबा तरणा झाला. चैत्रातलं ऊन, उधळलेल्या भंडाऱ्यानं पिवळी झालेली हवा, पुढं धावणारी घोडी, मागं उसळत येणारे बैल. आणि त्या सगळ्यावर तरंगणारा भिमाजीचा आवाज. उजव्या हातात माईक, डाव्या मुठीवर उपरणं. कुणी म्हणे मुठीत अंगारा आहे. यात्रा कमिटीचा गोरख छातीठोक सांगे, "आबा मुठीत सेकंद मोजतात." भिमाजी कुणालाच काही सांगत नसे. ती मूठ बंद असली की तो निर्धास्त असे. आणि निर्धास्त असला की निम्मी नावं आपोआपच येत.

तिसऱ्या हंगामात एका वाडीच्या घाटावर गर्दी जास्त होती. दुपार कलली होती. खालून गाडा सुटायच्या बेतात होता. भिमाजीनं खाली नजर टाकली. उजवीकडच्या बैलाची शिंगं आतल्या बाजूला वळलेली, कपाळावर चांदवा. हरण्या. उपरण्याखाली अंगठा हलला, काचेवर नाव आलं.

"येतोय हो येतोय! आवसरी बुद्रुकचा गाडा येतोय! कैलासवासी तुळशीराम यांच्या पुण्याईनं, चांगदेव तुळशीराम यांचा हरण्या येतोय! बघा, बघा, वाऱ्याला मागं टाकतोय! गेला, गेला, गेला!"

गाडा निशाणापुढून निघून गेला. लोकांनी टोप्या उडवल्या. मग माथ्यावर एकदम गलका झाला. भंडाऱ्यानं माखलेला एक माणूस गर्दी फोडत पुकाऱ्याच्या मंडपात शिरला. ओतूरकडचा जानकू.

"आबा, बैल माझा, खुराक माझा, आन नाव त्या चांगदेवाचं?"

भिमाजीला कळेना. "हरण्या हाय न्हवं?"

"हरण्याच हाय! मार्गशीर्षात इकत घेतला म्या त्याला! चांगदेवाचा पाय मोडला, त्याच्यानं व्हईना म्हणून. तुमी सौद्याला हजर व्हता, आबा! पेढा खाल्ला तुमी माझ्या हातचा! माझा बाप ह्या घाटावर नाव वाजायची वाट बघत मेला, आन तुमी..." जानकूनं भिमाजीचं डावं मनगट धरून हिसडलं.

मूठ उघडली. डायरी फळीवर पडली. काचेवर अजून ते नाव तसंच होतं.

एका पोक्त गाडामालकानं वाकून ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि पुन्हा भिमाजीकडं बघितलं. "ह्याच्यात बघून घेता व्हय आमची नावं?"

गोरख मध्ये पडला. त्याला भिमाजीची इज्जत जाताना बघवेना. माईक हातानं झाकून तो पुटपुटला, "आबा, मशीन चुकलं म्हणा. मशीनच चुकलंय. लोक ऐकत्यात." मग मोठ्यानं म्हणाला, "अवं, मशीन हाय त्ये, चुकतंय कवाकवा!"

वाट मोकळी होती. नुसती मान हलवायची. भिमाजी त्या डबीकडं बघत राहिला. तिला जे सांगितलं ते तिनं तसंच धरून ठेवलं होतं. मार्गशीर्षातला सौदा, जानकूच्या हातचा पेढा तिला कुणी सांगितलाच नव्हता. सांगणाराच विसरला होता. पेढ्याची चव शोधायचा त्यानं आताही प्रयत्न केला. काहीच लागलं नाही हाताला. नुसती पांढरी, ऊबदार दुपार होती सगळीकडं.

त्यानं गोरखच्या हाताखालून माईक सोडवून घेतला.

"मंडळी," तो म्हणाला. कर्ण्यातून आवाज खालपर्यंत गेला. "मशीन चुकलं न्हाई. मीच इसरलो. तीन वर्सं झाली, मला नावं ऱ्हात न्हाईत. तुमची नावं मी ह्या डबीत बघून घेत व्हतो, आन तुमाला सांगत न्हवतो."

खाली बैल फुरफुरत होते, तेवढंच ऐकू येत होतं. भिमाजी जानकूकडं वळला. माईक तसाच चालू होता.

"बाबा, तुझ्या बापाचं नाव सांग. मला ठावं व्हतं."

जानकूचा राग उतरत होता. त्यानं खाली बघितलं आणि लहान मुलासारखं म्हणाला, "बाळाजी. बाळाजी म्हादू."

"ओतूरकडचा गाडा आला व्हता हो!" भिमाजीचा आवाज चढला, असा चढला की टेकडीनं तो परत दिला. "कैलासवासी बाळाजी म्हादू यांच्या पुण्याईनं! जानकू बाळाजी यांचा हरण्या आला व्हता! बाळाजी म्हादू, ऐका हो! तुमच्या लेकाचा बैल वाऱ्याम्होरं गेला!"

जानकूनं टोपी काढून तोंडापुढं धरली. भिमाजीनं माईक गोरखच्या हातात दिला आणि मंडप उतरला. गोरख "आबा, आबा" करत राहिला. लोक बाजूला झाले. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्यानं मात्र वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि भिमाजीला तो कोण ते आठवलं नाही.

बाभळीच्या सावलीला काठी टेकून चांगदेव उभा होता. विकलेला बैल बघायला आला होता तो, कुणाला न सांगता. भिमाजी जवळून जाऊ लागला तसा चांगदेव म्हणाला, "आबा."

"चुकलं रं, चांगदेवा."

"चुकू द्या. ह्या वर्सी माझ्या बापाचं नाव वाजणार न्हाई आसं धरून चाललो व्हतो." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "पुढल्या वर्सी नगा चुकू. जानकूचाच हाय त्यो."

"पुढल्या वर्सी मी न्हाई घाटावर."

भिमाजी पुन्हा घाटावर गेला नाही. गोरखनं माईक धरला आणि तोही हळूहळू चांगला पुकारू लागला. डायरी जानकूनं घरी आणून दिली. येताना पेढे आणले, आणि या वेळी साळुबाईनंही एक खाल्ला. पुढची वर्षं भिमाजीनं ओट्यावर काढली. आठवणीतून आधी जानकूचा पेढा गेला होता, मग सूरजचं लग्न गेलं, मग सूरज. हर्षालीला तो "मास्तरीणबाई" म्हणे, नाव विचारीत नसे. शेवटी शेवटी दुपारी डोळे मिटून तो पुटपुटत बसे आणि साळुबाई तांदूळ निवडता निवडता ऐके. कधीच्या काळचे गाडे चढावर येत असत, तिच्या लग्नाआधीचे, मालकांसकट मेलेले बैल, आणि त्यातलं एकही नाव चुकत नसे. एखाद्या दिवशी ती विचारी, "आता कुणाचा आला?" तो सांगे. ती म्हणे, "येऊ द्या." आणि पुन्हा तांदळात हात घाली.

भिमाजी सावळेराम, वाडी कळंबजवळची, दोन हजार सहा सालच्या माघात, दुपारचं जेवण झाल्यावर, ओट्यावर वारला.