घटाची माती

त्र्यंबकरावांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि तेच पत्र त्यांना तोंडपाठ होतं. कल्याणपलीकडच्या एका गावातून धोंडीबा नावाच्या शेतकऱ्यानं ते पाठवलं होतं, सोबत किलोभर मातीची पुडी. ‘साहेब, भात गोल चकत्यांनी पिवळं पडतंय. शेजारच्या गावची माणसं आमच्याकडून आवण मागतात. देऊ का नको? तुम्ही नको म्हणाल तर नाही देणार.’ आवण म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं. मुळांना चिकटलेल्या मातीसकट ती गावोगाव जातात.

त्र्यंबकराव तेव्हा ठाण्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत होते. पुडीत त्यांना सुईच्या टोकाएवढे तपकिरी कण सापडले. सूत्रकृमीचे, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म किड्याचे, कोश असावेत. पण नक्की तेच का? वरिष्ठांना विचारून कळवू, म्हणून ते थांबले. वरिष्ठ बदलून गेले. मग उशीर झाला म्हणून लाज वाटली आणि लाजेपायी आणखी उशीर झाला. निवृत्त होताना पुस्तकांबरोबर ती पुडीही नौपाड्याच्या घरी आली आणि कपाटात पडून राहिली. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: ‘शेतातली माती’.

या गोष्टीला सात वर्षं झाली.

यंदाच्या नवरात्रात, सातव्या माळेला, त्यांचं लक्ष देवघरातल्या घटाकडे गेलं. गहू, ज्वारी, मका चांगले वर आले होते. भात मात्र बोटाच्या पेराएवढा, जागच्या जागी थिजल्यासारखा.

“क्षिप्रा, माती कुठली गं ही?”

“तुमच्याच कपाटातली, बाबा!” सून खुशीत म्हणाली. “दरवर्षी माजिवड्याच्या नर्सरीतून आणते, तर आई म्हणतात, ही माती की चहाचा चोथा!”

“चोथाच होता तो,” उत्तराबाई आतून म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी कपाट उघडलं; पुडी फोडलेली होती. पण घट उठेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. दोन दिवस ते घटासमोर नुसते बसून राहिले.

“यंदा भक्ती जडली वाटतं,” उत्तराबाईंनी टोमणा मारला.

ते मातीतलं ऐकत होते. आवाज येणार नाही हे माहीत असून ऐकत होते. या कृमीची मादी मुळाला तोंड लावून फुगते आणि मरते. मेल्यावर तिची कातडीच कडक होऊन पेटी बनते. आत शेकडो अंडी. पेटी वर्षानुवर्षं गप्प पडून राहते. मग कधीतरी ओल्या मातीतून कोवळ्या मुळाची चाहूल येते. कपाटात, पुस्तकांच्या शेजारी, त्या पेट्या सात वर्षं वाट बघत होत्या.

दसऱ्याला घट उठले. त्र्यंबकरावांनी भाताचा एक खुरटा कोंब उपटला, जुना सूक्ष्मदर्शक खिडकीशी ठेवला आणि मुळं थेंबभर पाण्यात धुतली. काचेखाली केसाहून बारीक, पारदर्शक जीव सावकाश वळवळत होते. काही मुळात अर्धे शिरले होते. एक तपकिरी कण त्यांनी सुईनं फोडला. अंडी बाहेर सांडली. प्रत्येकात एकेक घडी घातलेली अळी. त्यातली एक, झोपेत कूस बदलावी तशी, हलली.

बाहेर क्षिप्रा पिशवी बांधत होती. “सरोज, पूजेची माती पायदळी नको. भावाच्या शेतात घाल.”

सरोज त्यांच्याकडे स्वयंपाकाला यायची. तिचा भाऊ कल्याणपलीकडे भात करायचा.

त्र्यंबकराव दारात आले. “सरोज, ती माती नेऊ नकोस.”

“का हो बाबा?”

“मला खात्री नाही, पण...” ते थांबले. “नाही. खात्री आहे.”

त्यांनी माती परातीत ओतली आणि चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी उचललं.

“अहो! घटाच्या मातीवर?” उत्तराबाई किंचाळल्या. “दसऱ्याच्या दिवशी?”

त्यांनी पाणी ओतलं. वाफ उठली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात नांगरलेल्या शेताचा वास कोंडला. पुन्हा आधण ठेवून त्यांनी पुडीतली उरलेली मातीही उकळून काढली.

शेवटी त्यांनी सरोजला सगळं सांगितलं. भाताचं, चकत्यांचं.

“आमच्याकडे पण हायेत तसल्या चकत्या,” सरोज हळूच म्हणाली. “पहिली ताटाएवढी होती. आता अख्खं खळं बसेल त्यात.”

“कधीपासून?”

“सहा वर्षं झाली असतील. धोंडीबाकाकांकडून आवण आणतो ना आम्ही. भला माणूस. एक वर्ष देत नव्हता, म्हणायचा, ठाण्याच्या सायबाचं पत्र येऊ दे. मग काय, पत्रच आलं नाय. दिलं त्यानं.”

“अजून देतात?”

“देतात की. पण पोस्टमन दिसला का अजून इचारतात.” तिनं फोन काढला. “भावाला सांगू का? तो देईल निरोप.”

“सांग. पण पत्रही जाऊ दे. ते पत्राची वाट बघतायत.”

त्यांनी एका बैठकीत लिहिलं, खाडाखोड न करता. ‘आवण कुणालाही देऊ नका. पिवळ्या चकत्यांच्या शेतात काही वर्षं भात लावू नका. त्या शेतातून निघताना पाय आणि अवजारं धुऊन निघा. हे मी सात वर्षांपूर्वीच कळवायला हवं होतं. तेव्हाही मला दिसलं होतं. चूक माझी आहे.’ खाली पूर्ण नाव घातलं.

हात तीनदा धुतले तरी नखाखाली एक तपकिरी ठिपका उरला होता. तो त्यांनी काडीनं काढून काडेपेटीच्या जाळावर धरला. मग पाकीट उजेडात दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, खाली उतरले, आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पत्र टाकलं.