गवताचा कावळा

बायकांनी घाटावर यायचं नसते, असं बबनराव म्हणाले. बबनराव म्हणजे माझे दीर. मी म्हटलं, "पोरगा माझ्या पोटचा, अन् दशक्रिया तुमच्या मर्जीची?" मग पवनारच्या नदीवर सगळ्यांच्या पुढं जाऊन बसली.

अंकुशचा पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवरून पाहून राह्यला होता, खाली काही येईना.

"तुह्या आईले मी सांभाळीन," बबनराव पिंडाले हात जोडून म्हणाले.

"मले कोण सांभाळते? तुमचीच भाकर माझ्या चुलीवर होते."

कोणी हसलं नाई. कावळाही हलला नाई.

मागं एक पोरगी एकटी उभी होती. रुचिका, अंकुशसोबत काम करणारी, पुण्याहून आलेली. तिले जवळ बोलावलं. "त्याचं काय राह्यलं होतं, सांग."

त्याचं काम त्यानं मले जेवता जेवता सांगितलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्राम असते. त्याच्यात पॉइंटर, म्हणजे पत्ते. काही घरचे, काही बाहेरून आलेले. बाहेरचा पत्ता घरचा समजून उघडला, का चोर आत. कर्नल चालू न करता, नुसता वाचून कोणता पत्ता कुठला ते सांगणारा चेकर हा पोरगा बनवत होता. मशीनचं दुखणं आधीच वळखे, अन् स्वतःच्या छातीतली कळ त्याले समजली नाई.

"चेकर खोटा ओरडतो, काकू," रुचिका म्हणाली. "घरचा पत्ताही बाहेरचा म्हणून दाखवतो. तेवढं थांबवायचं होतं त्याला."

"तू करशील?"

ती पिंडाकडे पाहून म्हणाली, "प्रयत्न करीन. जमेलच, असं नाही म्हणता येत."

"अवं, करतो म्हणून टाक ना!" बबनराव खेकसले. "कावळा का तुह्या घरी पाहाले येते?"

"तिले खोटं बोलाले लावू नका. त्याले चालत नव्हतं." मग मीच पिंडाले सांगितलं, "बाबू, पोरगी प्रयत्न करीन म्हणते. येवढंच हाये आमच्याजवळ."

कावळा उडाला अन् नदीपल्याड गेला.

ऊन चढलं. लेकरं उपाशी होती. गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला अन् माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "करा." त्यांनी तो पिंडाले टेकवला.

"शिवला," बबनराव म्हणाले, अन् सगळे उठले.

रुचिका उठली नाई. मीही नाई. खोट्या खुणेशी भांडता भांडता गेलेल्या माझ्या पोराले आम्ही गवताच्या कावळ्यानं निरोप दिला.