मखराचे आकडे

जयवंत परबांचं मखर अस्सल सागाचं होतं आणि त्यात एकही खिळा नव्हता. ही गोष्ट ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. नवख्याला चहाच्या आधी, नेहमीच्याला चहानंतर. परळच्या एका गिरणीत ते सुतारखात्यात होते. संपात नोकरी गेली, मागोमाग परळची खोलीही गेली, आणि चंद्रप्रकाशने, त्यांच्या मुलाने, चारकोपच्या सेक्टरात घर घेतलं. जुन्या सामानातलं मखर तेवढं तिथे आलं, सुटं करून, गोणपाटात बांधून, हत्यारांच्या पेटीसकट.

सुटं मखर पुन्हा उभं करायचं तर कुठला तुकडा कुठे बसतो ते कळायला हवं. म्हणून परबांनी प्रत्येक सांध्याच्या आतल्या अंगाला पटाशीने रोमन आकडे कोरले होते. खांबावर जो आकडा, तोच त्यात बसणाऱ्या पट्टीवर. यात साहेबी हौस काही नव्हती. पटाशी सरळ रेघ मारते, गोलाई काढायला सांगितली की रुसते. मराठी पाच कोरायला गेलं तर लाकडाचा टवका उडतो. रोमन पाचाला दोन तिरक्या रेघा मारल्या की काम झालं. गिरणीतले जुने सुतार असंच करत, तेच परबांनी उचललं.

आता परबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. भिंतींच्या अंदाजाने ते घरात वावरत, सकाळी पेपर तोंडासमोर धरून बसत, आणि सून नलिनीने बातमी विचारली की 'रोजचंच' म्हणत. घरच्यांना कळलं की काय होईल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आधी ऑपरेशन, आणि मग जन्मभर 'बाबा, तुम्ही बसा.' ऑपरेशनपेक्षा त्या बसण्याची धास्ती जास्त. गिरणी सुटल्यापासून वर्षाचं एकच काम, मखर जोडण्याचं, त्यांचं स्वतःचं म्हणून उरलं होतं, आणि गेल्या गणपतीला ते त्यांनी नुसत्या अंगठ्याने निभावलं होतं. कोरलेला आकडा बोटाला लागतो, त्याला डोळे कशाला हवेत!

चंद्रप्रकाशचा वडिलांवर जीव होता, पण जीव लावण्याची त्याची तऱ्हा अशी की समोरच्याची वाट लागावी. श्रावणात त्याने 'जरा तेलपाणी करून आणतो' म्हणून मखर नेलं आणि मरोळच्या कारखान्यातल्या ओळखीच्या रंगाऱ्याकडे दिलं. हरतालिकेच्या दुपारी टेम्पोतून ते परत आणलं आणि बाहेरच्या खोलीत चादर अंथरून सुटंच मांडलं. मलईसारखा रंग, कडेला सोनेरी पट्टा. परबांना आधी वास आला. त्यांनी एक खांब उचलून आतल्या अंगाला अंगठा फिरवला. लाकूड काचेसारखं गुळगुळीत. रंगाऱ्याने इमानदारीने सगळ्या खाचा लांबीचा लगदा भरून बुजवल्या होत्या.

झकास झालंय ना, असं मुलाने विचारलं. परब हो म्हणाले. पोराने खिशाला चाट लावून, उन्हातान्हात फिरून हे केलं होतं. त्याच्या तोंडावर काय बोलायचं?

मग ते बसले जोडायला. खांबात पट्टी घातली, बसेना. दुसरी घातली, ती ढिली. हाताने घडवलेल्या वस्तूचे दोन सांधे कधी सारखे नसतात, आणि इतकी वर्षं आकड्यांवर विसंबल्यावर हाताला दुसरी खूण आठवेना. तिसऱ्या पट्टीला त्यांनी जोर केला तशी कमान निसटून फरशीवर आदळली. निर्जळी उपास धरलेली नलिनी आतून धावत आली. तिने एकदा सासऱ्यांच्या चाचपडणाऱ्या हाताकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि भिंतीला टेकून बसली.

"बाबा, तुम्ही दमलात," चंद्रप्रकाश म्हणाला. "तुम्ही बसा. मी करतो. नाहीतर पुढच्या वर्षी थर्माकोलचं आणू ना, कटकट नको."

ज्याची धास्ती घेतली होती ते असं न कळवता दारात आलं. परबांनी हातातला खांब मांडीवर ठेवला.

"माका दिसना नाय रे," ते म्हणाले. "दोन वर्सां झाली. आकडे हातान वाचतंय. ते तुझ्या रंगात गेले."

चंद्रप्रकाशने ताजा रंग पाहिला, मग वडिलांचे डोळे पाहिले, बहुधा कितीतरी दिवसांनी नीट. मग तो उठला, वडिलांच्या पेटीतली बारीक पटाशी घेऊन आला आणि आकडे नेमके कुठे आहेत एवढंच त्याने विचारलं. परबांनी जागा दाखवली. लांबी अजून आतून ओली होती. खरवडल्यावर ती सुटायला लागली आणि सोनेरी पट्ट्याचे तुकडे चादरीवर पडले. रंग जातोय रे, असं परब दोनदा पुटपुटले. मुलगा थांबला नाही.

मधेच तो हसला. नवाचा आकडा चुकलाय म्हणाला; शाळेत IX शिकवतात, इथे V पुढे चार रेघा ओढल्यात.

"शाळेतला कागद उलटो धरूक मास्तर देत नाय," परब म्हणाले. "लाकडाक वर-खाली नसता. तुझो नऊ फिरवलो की अकरा झालो. मग कमान बसव माझ्या डोक्यार."

नलिनीला हसू आवरेना. परबही हसले, आणि त्या हसण्यातच मुलाने ऑपरेशनचं काढलं. विसर्जनानंतर, मी बरोबर असेन, असं तो म्हणाला. परबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसतं.

सगळे आकडे मोकळे झाले तेव्हा दिवेलागण झाली होती. चंद्रप्रकाश मॅट्रिक झालेला. घड्याळावरचे आकडे वाचावेत तसे त्याने हे वाचले असते आणि अर्ध्या तासात मखर उभं केलं असतं. परब तीच वाट बघत बसले. पट्ट्या सरकल्याचा आवाज आला, मग तो थांबला. मुलगा शेजारी येऊन मांडी घालून बसला होता. त्याने एक पट्टी वडिलांच्या हातात दिली.

"वाचा बाबा," तो म्हणाला. "मला घाई नाही."

परबांनी अंगठा फिरवला. आकडा पहिल्याच फेरीत कळला होता, तरी त्यांनी तो पुन्हा एकदा शेवटच्या रेघेपर्यंत चाचपला.

"सात," ते म्हणाले.