एका चुलीचा एक माणूस

छबूबाईंनी माळ्यावरची जुनी शेगडी खाली काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि थेट पडवीत नेऊन ठेवली. मागोमाग छोटं सिलिंडर लोळवत आणलं. मग पदराने कपाळ टिपत म्हणाल्या, "आजपासून तुमचं हितं."

जयमाला कणीक मळत होती. पिठाचे हात तसेच धरून ती दारात आली.

"म्हणजे काय, आत्याबाई?"

"म्हंजे काय म्हंजे? तुमची चूल येगळी. तुमी तिघं हितं, आमी दोघं आत."

"माझं काही चुकलं का?"

छबूबाई आत गेल्या आणि तांदळाचा डबा, डाळ, तिखटाची बरणी असं एकेक आणून पडवीत मांडू लागल्या. मिठाचा डबा ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते.

या गावात चूल वेगळी होते तेव्हा आधी महिनाभर भांडी आपटतात, जावा एकमेकींची उणीदुणी काढतात, माहेरचे भाऊ मध्यस्थीला येतात आणि मध्यस्थी करायला येऊन तेच जास्त भांडतात. इथे तर जाऊबाई नावालासुद्धा नव्हती. एकुलता एक मुलगा, एक सून, एक नात, आणि काल रात्रीपर्यंत सगळे एका पंगतीला जेवलेले. भांडण नसताना घर फुटतं, याचीच जयमालाला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात दादासाहेब ओट्यावरून आत आले. देवळात जायचे कपडे घातलेले, डोक्यावर पांढरी टोपी. सून वेगळी काढायची म्हणजे सासऱ्याने निदान पाच वाक्यं तरी बोलावीत, पण त्यांनी फक्त शेगडीकडे बोट दाखवलं.

"पेटव, सूनबाई. आधी दूध ठेव."

"मामा, पण..."

"उतू जाऊ दे. अर्ध्यात बंद करू नको."

तिने दूध ठेवलं. दादासाहेब भिंतीला हात टेकून उभे राहिले. दूध वर आलं, कडेवरून सांडलं, बर्नरवर चरचरलं, करपल्याचा वास पडवीभर पसरला. तेव्हा कुठे ते म्हणाले, "झालं," आणि चपला घालून बाहेर पडले. नव्या घरात दूध उतू घालवताना माणसं हसतात, पेढे वाटतात. यांनी कर्ज फिटल्यासारखा नुसता सुस्कारा टाकला.

तिचा नवरा नवनाथ मोरीतून डोकं पुसत आला. रविवार असूनही त्याला आकुर्डीला टँकरच्या कामासाठी जायचं होतं, असं तो म्हणत होता.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"दादा म्हणतात तसं करायचं." त्याने शर्टाची बटणं लावताना मान वर केली नाही. "तू देवळात गेलीस तर मागं बस. बोलायला दादा हायेत."

"आणि तुम्ही?"

"माझं काम हाय म्हणलं ना."

लेकीच्या, ओवीच्या गालावर हात फिरवून तो निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

देवळात आज काय आहे, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. संक्रांतीपासून गावच्या विहिरीचं पाणी नासलं होतं. आधी तांबूस झालं, मग त्याला बॅटरी फुटल्यासारखा वास यायला लागला. कुसुमताईंच्या दोन म्हशी दगावल्या. चाकणची एवढी कारखानदारी उशाला घेऊन झोपणारं गाव, त्यामुळे कुणातरी कंपनीने घाण सोडली यात शंका नव्हती. पण प्रत्येक कंपनीचा कागद स्वच्छ. टँकर भरला, सरकारमान्य जागी गेला, तिथे रिकामा झाला, शिक्का बसला. प्रदूषण मंडळाच्या अरुंधती मॅडम दोनदा येऊन बाटल्या भरून घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, सोडणारा कोण आणि सोडलं कुठे हे कळल्याशिवाय गुन्हा कुणावर दाखल करू?

मग गावाने आपला कायदा काढला. खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलायचा. एका चुलीचा एक माणूस, आणि त्याने चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांची शपथ वाहायची. बापजाद्यांपासून जत्रेचा नैवेद्यही असाच चुलीमागे एक. खोटा भंडार उचलून सुखाने म्हातारा झालेला माणूस गावाने पाहिलेला नव्हता, निदान तशी समजूत होती.

आणि सोडणारा कोण, हे जयमालाला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर एकदा ती मेथी काढायला शेतात गेली होती. वरच्या बांधाजवळ कंपन्यांचं सांडपाणी वाहणारा नवनाथचा टँकर उभा होता आणि त्याचा जाड पाईप आटलेल्या बोअरमध्ये सोडलेला होता. बांधावर दादासाहेब होते. "नुसतं धुवणाचं पाणी हाय," नवनाथ म्हणाला होता, "एवढ्या लांब न्यायला डिझेल कशाला जाळायचं?" दादासाहेब म्हणाले होते, "जिमिनीच्या पोटात गेलं ते गेलं." तिने विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. त्याचे शर्ट दोन दोन पाण्यांतून काढले तरी वास जात नव्हता, तेव्हाही तिने जिभेवर दगड ठेवला. त्यांचं शेत उताराच्या वर होतं आणि विहीर उताराच्या खाली. हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

ओवीला शेजारी सोडून ती देवळात पोचली तेव्हा सभामंडप भरला होता. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. अरुंधती मॅडम दाराशी खांबाला टेकून उभ्या होत्या. गावचे जाणते रंगराव भंडाराची परात घेऊन देवापुढे बसले होते.

"मॅडम, तुमाला बोलायचंय का आधी?" रंगरावांनी विचारलं.

"मला शपथ चालत नाही, काका, साक्ष लागते," मॅडम म्हणाल्या. "एवढंच सांगते, हे पाणी मैल्याचं नाही. कारखान्यातलं आम्ल आहे त्यात. ज्याने सोडलं त्याला अटक होईल. आणि लवकर थांबवलं नाही तर खालच्या वाडीच्या विहिरीही जातील."

लोकांनी माना डोलावल्या. ऐकलं किती हे खंडोबालाच ठाऊक.

पहिला मान दादासाहेबांचा. ते पुढे झाले, बेलाचं पान उचललं, त्यावर चिमूटभर भंडार घेतला आणि मूठ छातीशी धरली. त्यांचा आवाज खणखणीत होता.

"माझ्या चुलीवर जेवणाऱ्या कुणीबी इहिरीत, वढ्यात न्हाईतर जिमिनीत घाण सोडली न्हाई. सोडली असंल तर मल्हारी बघून घील."

सकाळपासूनचं कोडं जयमालाला एका क्षणात सुटलं. काय चुकलं म्हणून ती मनात कुढत होती, तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. म्हाताऱ्याला देवाशी खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून त्याने मुलालाच चुलीबाहेर काढलं होतं. शपथ खरी करण्यासाठी दूध उतू जाईपर्यंत जागचा हलला नव्हता. तिला संताप आला. आणि देवाला एवढं भिणाऱ्या या माणसाची कीवही आली, याचा तिला जास्त संताप आला.

एकेक चूल पुढे येत गेली. कुसुमताई विधवा, त्या स्वतः उठल्या. जिचा ड्रायव्हर नवरा गुजरातला गेला होता अशी एक तरणी बाई नवऱ्याच्या नावाने उठली. कर्ता पुरुष हजर नसेल तर बाईने उठायचं, याला कुणाची ना नव्हती.

मग मारुतराव उठले आणि मंडपात कुजबुज सुरू झाली. सोसायट्यांच्या टाक्यांमधला मैला उपसायचा टँकर मारुतरावांचा. गावाला वर्षभर त्यांची गरज लागायची आणि वर्षभर त्यांच्या नावाने नाक मुरडायलाही मिळायचं. ओवीच्या वेळी जयमालाला अवेळी कळा आल्या, नवनाथ गाडीवर होता, तेव्हा याच मारुतरावांनी तिला त्याच टँकरच्या केबिनमध्ये बसवून चाकणच्या दवाखान्यात पोचवलं होतं. वाटभर ते खिडकीबाहेर डोकं काढून लोकांना ओरडत होते, "सरका रं, लेक हाय माझी."

मारुतरावांनी पान उचललं. त्यांचा हात थरथरत होता. तो वर्षभर थरथरतच असे, चहाची बशीही ते दोन हातांनी धरत. पण आज सगळ्यांचे डोळे त्या हातावर होते. चिमूट पानापर्यंत पोचेना. पोचली, आणि पान कलंडून भंडार फरशीवर सांडला.

"सांडला," कुणीतरी म्हणालं.

"देवानं घेतला न्हाई."

"परत उचलतो," मारुतराव म्हणाले. "रंगराव, परत उचलतो ना मी."

"येकदा सांडला म्हंजे सांडला, मारुतराव."

"अहो, पण मी सांगितलं ना, हे मैल्याचं पाणी नाही," अरुंधती मॅडम पुढे आल्या. "यांच्या टँकरचा संबंधच येत नाही. आणि कुणाला वाळीत टाकलं तर तोही गुन्हा आहे."

"वाळीत कोण टाकतंय, मॅडम?" रंगराव शांतपणे म्हणाले. "कायदा आमालाबी कळतो. पण ज्याच्या त्याच्या पायाला दोरी कोण बांधणार? लग्नाला न्हाई गेलं, तर न्हाई गेलं."

लग्न म्हणजे मारुतरावांच्या लेकीचं, दिव्याचं. मांडव पंधरवड्यावर आला होता. दिव्या बायकांमध्ये बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका नकळत थोड्या सरकल्या. मारुतराव खाली वाकून फरशीवरचा भंडार बोटांनी गोळा करू लागले, आणि थरथरत्या बोटांतून तो पुन्हा पुन्हा निसटत होता. जयमालाने दादासाहेबांकडे पाहिलं. ते देवाकडे बघत होते.

बोललं तर नवनाथला बेड्या. ओवीला शाळेत पोरं काय म्हणतील, सासूला तोंड कसं दाखवायचं, देहूरोडला वडिलांना फोन करून काय सांगायचं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. न बोललं तर काहीच होणार नव्हतं. नवनाथ संध्याकाळी घरी येईल, पडवीत जेवेल, चार महिन्यांनी छबूबाई रडून चूल परत एक करतील. पाईप पुन्हा त्याच भोकात जाईल.

रंगरावांनी रिवाजाप्रमाणे शेवटचं विचारलं, "कुणाची चूल राहिली का?"

"न्हाई, न्हाई," दोघंतिघं एकदम म्हणाले. माणसं उठायलाही लागली.

"राहिलीय."

आपलाच आवाज आहे हे जयमालाला जरा उशिरा कळलं. छबूबाईंनी तिचा पदर घट्ट धरला होता. "खाली बस," त्या दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "पाया पडते तुझ्या, खाली बस."

तिने पदर हळूच सोडवून घेतला.

"कुणाची गं?" रंगराव म्हणाले.

"आमची."

"अगं पोरी," ते हसले, "तुझ्या सासऱ्यानं पयलाच उचलला की!"

"मामांनी त्यांच्या चुलीचा उचलला, काका. आमची वेगळी आहे. आज सकाळी पेटली."

दोनचार जण हसले, मग हसू आपोआप विरलं. बापलेकाची चूल वेगळी झाली आणि गावाला पत्ता नाही, असं कधी घडलं नव्हतं. रंगरावांच्याही चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी परात मांडीवरून खाली ठेवली आणि दादासाहेबांकडे वळले.

"दादासाहेब, सूनबाई तुमच्या चुलीतली का येगळी?"

दादासाहेबांचे ओठ हलले. चुलीतली म्हणायचं तर मघाची शपथ देवाच्या समोर खोटी पडत होती. वेगळी म्हणायचं तर सून परातीपाशी येणार होती आणि तिथून पुढचं त्यांना दिसत होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. आजवर त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, विनवणी केल्यासारखं. जयमालाला वाटलं, आता ते चुलीतली म्हणतील, आणि आपण गुमान खाली बसू. क्षणभर तिला तसं व्हावंसंही वाटलं.

त्यांनी टोपी काढली आणि हातात धरली.

"येगळी," दादासाहेब म्हणाले.

मंडपात वाट झाली. जयमाला डोक्यावर पदर घेऊन पुढे गेली. मारुतराव अजून खाली बसलेले होते, त्यांना धक्का लागू नये म्हणून ती बाजूने गेली. रंगरावांनी परात दोन्ही हातांनी पुढे केली. तिने देवाला हात जोडले आणि जोडलेले हात सोडलेच नाहीत.

"मारुतकाकांना घरी जाऊ द्या," ती म्हणाली. "मला हा भंडार उचलता येणार नाही."